उतारवयातील क्षीणता आणि पावलांचे दुखणे
(महाजन कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि थोड्याच वेळात तेरेखोलच्या काठाला लागते. बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते न टेकते तोच तरुण मंडळी आणि दुचाकीवाले झटकन खाली उतरून चढणीला लागतात. वृद्ध स्त्री-पुरुष मात्र क्षणभर थांबतात. फळी आणि उतार यांच्या सांध्यात पाणी खेळत असते. पावसाळ्यात त्या उतारावर शेवाळ धरते. पाऊल टाकण्यापूर्वी त्यांचे डोळे कोणाचा तरी हात शोधतात. पाहणाऱ्याला वाटते, वय झाले, दुसरे काय! त्या थांबण्यामागे काय काय असते, आणि त्यातील किती गोष्टींवर इलाज आहे, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

तेरेखोल हे पेडणे तालुक्याचे नदीपलीकडचे, उत्तर तीरावरचे टोक. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधलेला येथील किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला, आणि १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीचे सत्याग्रही तिरंगा घेऊन याच किल्ल्यात शिरले. गावातून बाहेर पडण्याच्या वाटा दोनच : एक फेरीने केरीला, दुसरी रेडीच्या बाजूने महाराष्ट्राच्या हद्दीतून. आज ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, त्यांच्या लहानपणी या वाटा बहुतांशी पायांनीच तुडवल्या जात. बाजार पायी, शाळा पायी, आणि जत्राही पायीच. चिऱ्याच्या पाखाड्या, शेताचे मेर, खाजनाचे बांध हे सारे अनवाणी पायाखालून गेले. ज्या पिढीचे अवघे आयुष्य पायांवर उभे राहिले, त्याच पिढीचे पाय आज घराच्या उंबरठ्याशी अडतात, हा मोठा विलक्षण विरोध होय.

ही गोष्ट एका गावाची नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के भरले. केरळच्या खालोखाल हेच राज्य होते. तरुण मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला वा आखातात, आणि गावच्या मोठ्या घरात दोन वृद्ध जीव, हे चित्र पेडणे आणि डिचोली तालुक्यांत कोणास नवे नाही. अशा घरात चालणे थांबले की केवळ चालणेच थांबत नाही. विहिरीवरचे पाणी, परसातली भाजी, शेजारचे सुखदुःख, देवळातली आरती आणि महाजनांच्या सभेतली खुर्ची एकामागून एक सुटत जातात. जत्रेच्या दिवशी पालखी निघते तेव्हा नेहमीच्या खांबाशी उभे राहणारे आजोबा दिसत नाहीत. कोणी विचारले, तर उत्तर मिळते, 'हल्ली त्यांचे चालणे होत नाही.' आणि त्या उत्तरापाशी चौकशी संपते.

ती तेथे संपू नये. 'वय झाले' हे निदान नव्हे. वय सर्वांचेच होते. परंतु पंचाऐंशी वर्षांची एखादी आजी देवळाच्या पायऱ्या काठीवाचून चढते आणि अडुसष्ट वर्षांचा तिचा धाकटा भाऊ अंगणात उतरत नाही, हा फरक वयाने पाडलेला नाही. तो कशाने पडला, हे शोधू लागले की पुष्कळदा उत्तर गुडघ्याच्याही खाली, पावलात सापडते.

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या तळाशी मेदाची एक जाड गादी असते. पाऊल टेकताना बसणारा धक्का ती सोसते. वाढत्या वयाबरोबर ही गादी पातळ होते, कमानीचे बंध सैल पडतात आणि पाऊल किंचित लांब व रुंद होते. तरीही चाळिशीत ठरलेल्या मापाचीच वहाण सत्तरीत घेतली जाते. मग बोटे एकमेकांवर चढतात, अंगठा आत वळून त्याच्या मुळाशी हाड पुढे येते, आणि जेथे घासते तेथे कुरूप धरते.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर ठेवताच टाचेत कळ येते, आणि दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते. हे दुखणे घरोघरी ऐकू येते. तळव्याच्या जाड पडद्याला टाचेपाशी ताण बसून ते होते. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड काट्यासारखे वाढलेले दिसले की 'हाड वाढले' म्हणून माणूस धास्तावतो. पण ज्यांची टाच कधीच दुखत नाही अशा पुष्कळांच्या चित्रातही तो काटा असतो. पोटरीचा ताण काढण्याचा व्यायाम, टाचेखाली मऊ आधार आणि काही महिन्यांचा धीर एवढ्यावर बहुतेकांचे दुखणे शमते. सुश्रुताने आणि वाग्भटाने पायाच्या दुखण्यांना वातकंटक, पादहर्ष, पाददाह अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. म्हणजे 'पाय दुखतात' एवढ्यावर त्या वैद्यांचे समाधान होत नव्हते. कोठे, केव्हा आणि कसे, हे ते विचारीत.

तेच आजही विचारावयास हवे. चालताना ठराविक अंतरावर पोटरी आवळून येते आणि उभे राहिले की मोकळी होते, असे असेल तर दोष बहुधा रक्तवाहिन्यांत असतो. आयुष्यभर विडी-तंबाखू सेवन केलेल्यांत तो विशेष आढळतो. रात्री तळवे जळतात, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, असे असेल तर मज्जातंतूंकडे पाहावे. अंगठ्याचे मूळ एका रात्रीत लाल होऊन सुजले, चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर ते वातरक्त असू शकते. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, जाड होऊन वळलेली नखे, टाचांच्या भेगा या गोष्टी क्षुल्लक म्हणून कोणी सांगतच नाही. स्त्रिया तर मुळीच सांगत नाहीत. जगभरच्या पाहण्यांत पावलांचे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. पण आपले पाय दुखतात हे घरात सांगणे म्हणजे कामाचा कंटाळा दाखवणे, अशी समजूत ज्या पिढीच्या मनावर ठसली, ती पिढी लंगडत स्वयंपाक करील परंतु बोलणार नाही. शिवाय तिच्या पायाखालची भूमीही बदलली. शेणाने सारवलेली मऊ जमीन गेली आणि गुळगुळीत फरशी आली. ती टाचेला कठीण, आणि पाण्याचा थेंब सांडला की घसरडी.

आता क्षीणतेकडे वळू. जुन्या घरात भाताची कणगी असे. एखादा हंगाम बुडाला, पाहुणेरावळे वाढले, तरी कणगीच्या आधारावर घर तगून जाई. देहाचीही अशीच एक कणगी असते. तरुणाला आठवडाभर ताप आला तरी पुढच्या आठवड्यात तो शेतावर असतो. ज्या वृद्धाची कणगी रिती झाली आहे, त्याला तीन दिवसांचे जुलाब अंथरुणाला खिळवतात आणि तो पूर्ववत उठत नाही. या रितेपणालाच वैद्यकात क्षीणता म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या पाच खुणा नेमक्या सांगितल्या : एका वर्षात प्रयत्न न करता साडेचार किलो वा अधिक वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतील तीन वा अधिक असल्या तर ती क्षीणता. एक-दोन असल्या तर तिची चाहूल. वयानुसार स्नायू झडतात, त्यालाही १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी एक स्वतंत्र नाव दिले. नाव मिळाल्यामुळे एक लाभ झाला. जे नैसर्गिक म्हणून सोडून दिले जाई, ते मोजता येऊ लागले आणि मोजता येते ते काही अंशी भरूनही काढता येते, हे ध्यानात आले.

या पाच खुणांतील दोन, मंद चाल आणि कमी हालचाल, पावलांशी थेट बांधलेल्या आहेत. कल्पना करावी : एका आजीच्या पायाला कुरूप झाले. दुखते म्हणून ती अंग सावरून, पाऊल वाकडे टाकून चालू लागली. देवळात जाणे आठवड्यातून एकदाच, मग एकादशीपुरते, मग बंद. बसून राहिल्याने भूक मंदावली. रात्री पेज आणि लोणच्याची फोड एवढ्यावर भागू लागले. मांडीचे स्नायू आटले. सहा महिन्यांनी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. घरचे म्हणतात, पडण्याचे निमित्त झाले. निमित्त त्याहून फार आधी, तांदळाएवढ्या एका कुरुपाने झाले होते, आणि त्या वेळी ते अर्ध्या तासाच्या उपचाराचे काम होते.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची कणगी किती भरलेली आहे, हे पाहण्यास फार साहित्य लागत नाही. साधी खुर्ची ठेवावी. वृद्धाने तिच्यावरून उठावे, तीन मीटर चालत जावे, वळावे, परत येऊन बसावे. या सर्वाला बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजून वैद्याचा सल्ला घ्यावा. तीन मीटर म्हणजे अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंतचेच अंतर. अट एकच : त्या वेळी शेजारी कोणी तरी उभे असावे.

येथवर दुखणाऱ्या पायाविषयी सांगितले. त्याहून भयंकर असतो तो न दुखणारा पाय, आणि गोव्यात या विषयाकडे काणाडोळा करण्याची सोय मुळीच उरलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. चार प्रौढांमागे एक. वृद्धांच्या घोळक्यात हे प्रमाण त्याहून वरचे असणार हे उघडच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाच्या मज्जातंतूंची जाणीव हळूहळू मावळते. काटा बोचतो, कळत नाही. चपलेत खडा शिरतो, दिवसभर कळत नाही. आणि चैत्र-वैशाखातल्या भर दुपारी देवळाच्या राजांगणात तापलेल्या दगडावरून प्रदक्षिणा होते, तळवा भाजून निघतो, तरी कळत नाही. घरी आल्यावर सून फरशीवर ओला डाग पाहते, तेव्हा फोड फुटलेला असतो.

जाणीव हरपलेल्या पायाचे शास्त्र भारतातच घडले, ही गोष्ट येथे अवश्य सांगितली पाहिजे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रोगाने बोटे सडून गळतात ही तोवरची समजूत होती. वेदना नसल्यामुळे रुग्ण त्याच जखमेवर पुनःपुन्हा चालतो, भाजतो, कापतो आणि त्यामुळे अवयव झिजतो, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती निघून गेली की तिचे काम डोळ्यांना करावे लागते. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबरी तळाच्या ज्या वहाणा कुष्ठरोग्यांसाठी प्रचारात आल्या, त्याच आज मधुमेहींसाठीही सांगितल्या जातात. त्या दिसण्यात साध्या असतात, म्हणून पुष्कळजण त्या विकत घेतात आणि लग्नकार्यात मात्र जुन्या टणक चपलाच घालतात. त्याच एका दिवशी जखम होते.

जाणीव शाबूत आहे की नाही, हे तपासण्यास दवाखान्यात दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू वापरतात. घरी त्याहून सोपी रीत आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती २०११ साली मांडली. वृद्धाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी तर्जनीने अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहांपैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर जाणीव कमी झाली आहे असे मानून वैद्याकडे जावे. नातवंडांना हे काम फार आवडते.

ज्यांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना काही जुन्या सवयी सोडाव्या लागतील. टाचांच्या भेगांना तापवलेला बिब्बा लावणे ही त्यांतली पहिली. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. ज्याला चटका कळतो त्याने हात आखडता घेतला असता, ज्याला कळत नाही त्याचे मांस उघडे पडते. कुरूप ब्लेडने कोरणे आणि औषधाच्या दुकानातील कुरूप जाळणाऱ्या पट्ट्या चिकटवणे हे त्याच माळेतले मणी. पाय गरम पाण्यात घालायचे झाल्यास पाणी आधी दुसऱ्या कोणी हाताच्या कोपराने पाहावे; गरम पाण्याची पिशवी तर पायाशी घेऊच नये. भेगांसाठी घरचे कोकमाचे तेल, म्हणजे भिरंडेल, उत्तम. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करून ते टाचेला लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये, कारण ओल राहिली की चिखल्या होतात. आयुर्वेदाने दिनचर्येत पादाभ्यंगाला मानाचे स्थान दिले आहे. तेल लावण्याच्या निमित्ताने रोज कोणाचा तरी हात आणि डोळा तळव्यावरून फिरतो, हा त्यातला मोठा लाभ होय.

पायात घालायच्या वस्तूविषयी बोलताना एका शेजारच्या देवाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेरेखोलहून रेडी ओलांडून शिरोड्याच्या अंगाला गेले की आरवलीचा श्री देव वेतोबा भेटतो. गावाचा हा राखणदार रात्री गस्त घालतो अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्या थोरल्या वहाणा अर्पण करतात. चालून चालून त्या झिजतात असे मानतात, आणि त्याच्यापुढे नव्या येत राहतात. चालणाऱ्याची वहाण झिजते आणि ती बदलावी लागते, इतके व्यवहारी शहाणपण ज्या मुलुखाच्या भक्तीत आहे, तेथल्याच घरांत आजोबांची रबरी चप्पल चार-चार वर्षे चालते. टाचेशी कागदासारखी पातळ झालेली, पट्टा दोऱ्याने शिवलेला, तळ गुळगुळीत. 'अजून चांगली आहे की!' असे आजोबा म्हणतात आणि मुलेही ते मान्य करतात.

वहाण घ्यायची ती संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांचे माप उभे राहून घ्यावे. पुढचा भाग रुंद असावा, टाच मागून पट्ट्याने धरलेली असावी, तळ मऊ पण मधोमध सहज न मुडपणारा असावा आणि खालून खडबडीत असावा. बोटांत पकडून चालावे लागते अशी सपाता म्हातारपणी नको. ती निसटते आणि सोबत माणसालाही पाडते. घरातल्या फरशीवर वेगळी, स्वच्छ वहाण वापरण्यास आता कोणाची हरकत नसावी. सोवळ्या-ओवळ्याची शंका असेल तर स्वयंपाकघरासाठी कापडी निराळी करावी.

इतके करून पाऊल बरे झाले तरी रिती कणगी आपोआप भरत नाही. स्नायूंना काम द्यावे लागते. १९९० साली बोस्टन येथे मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा क्षीण व्यक्तींना आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दहाच माणसांवरचा हा लहानसा प्रयोग. पण नव्वदीतला स्नायूही हाक ऐकतो, हे त्याने सिद्ध केले, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली. घरच्या घरी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे, खांबाशी उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. सांध्यांत ऊब, छातीत धडधड वा चक्कर असेल त्याने आधी वैद्यास विचारावे. 'म्हाताऱ्या माणसाने विश्रांती घ्यावी' हा प्रेमळ सल्ला मात्र आता आवरता घ्यावा. पाण्याचा तांब्या हातात आणून देणारी सून सेवाभावी खरी, पण दिवसाची दहा पावले ती सासूच्या पायांतून काढून घेते.

आहाराचेही तसेच. वृद्धाला प्रथिने तरुणापेक्षा कमी नव्हे, अधिक लागतात : वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम. पन्नास किलोच्या आजीला पन्नास-साठ ग्रॅम झाली. पेज, भात आणि सोलकढी यांत ती भरत नाहीत. कुळीथ, मूग, चवळी, दूध, दही, अंडे, आणि ज्यांना चालते त्यांना बांगडा-तारल्यासारखी मासळी ही याच मातीची आणि याच समुद्राची देणगी आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण विचारून ठरवावे. शाकाहारी वृद्धांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडून पायांना मुंग्या येतात. रक्त तपासून ते भरून काढता येते. एकादशी, सोमवार, श्रावणातले उपास यांविषयी बोलणे नाजूक आहे. परंतु मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू ठेवून निर्जळी उपास करणे जिवावर बेतू शकते. उपास करावयाचाच असेल तर गोळी कशी घ्यावी हे आधी विचारून घ्यावे. शास्त्राने आतुर आणि वृद्ध यांना नेहमीच सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा वाटतो, हाच काय तो अडथळा.

काही लक्षणे दिसली तर वाट पाहत बसू नये. तळव्यावर वा बोटांवर उघडी जखम, मग ती दुखो वा न दुखो. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल व सुजलेला. बोट काळे-निळे पडणे. रात्री पाय खाली सोडल्याशिवाय झोप न लागणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. तेरेखोलसारख्या ठिकाणी 'उद्याच्या फेरीने जाऊ' म्हणणे सोपे असते, आणि पायाच्या जखमेत एक रात्र फार महत्त्वाची असते.

शेवटचा विषय देवस्थानाचा. देवळात अनवाणी जाणे ही मर्यादा आहे आणि ती राहणारच. पण तिच्या आत राहूनही पुष्कळ करता येते. प्रदक्षिणेच्या मार्गावर काथ्याची चटई अंथरावी आणि उन्हाळ्यात दगड तापण्यापूर्वी, सकाळी नऊच्या आत, वृद्धांच्या दर्शनाची सोय असावी. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा हवा. एकाच बाजूचा कठडा उतरताना उलट्या हाताला येतो, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. सभामंडपात हात टेकून उठता येईल अशा, बाहू असलेल्या काही खुर्च्या मागे न ठेवता पुढे ठेवाव्यात. दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक होते, त्या दिवशी ज्येष्ठ महाजनांना रांगेत उभे करू नये. मत देण्याचा अधिकार पायदुखीने बुडावा, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही.

आणि पाय धुण्याची जागा. देवदर्शनापूर्वी प्रत्येकजण तेथे पाय धुतो, परंतु वृद्धांना वाकता येत नाही, म्हणून ते पायांवर नुसते पाणी ओततात आणि पुढे जातात. तेथे एक भक्कम बाक, एक नळ, एक कोरडे फडके आणि पुरेसा उजेड असावा. सोबत आलेल्या मुलाने वा नातीने खाली बसून ते पाय धुवावेत, पुसावेत, बोटांच्या बेचक्या आणि तळवा पाहावा. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. जवळच्या आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून एकदा पावलांची तपासणीही येथे ठेवता येईल. ती जत्रेच्या आदल्या दिवशी मात्र ठेवू नये. सापडलेली जखम भरून येण्यास काही आठवडे लागतात. तपासणी जत्रेपूर्वी दोन महिने झाली, तर त्या पायांना पालखीच्या दिवशी राजांगणात येता येईल.